कॉन्व्हेंट: पुण्याच्या लष्करातील मुलींच्या शाळेचा पूर्वेतिहास

जालना जिल्ह्यातील कुंभार पिंपळगावच्या पंचक्रोशीत, किंबहुना सबंध मराठवाडा-विदर्भात, ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द आज इंग्रजी माध्यमाच्या कोणत्याही बालवाडीसाठी सर्रास वापरला जातो, आणि ज्या धर्मभगिनींच्या निवासावरून तो आला त्यांचा त्या बालवाडीशी काही संबंध असावा अशी अपेक्षा कोणी करीत नाही. लॅटिनमधील ‘कॉन्व्हेंतुस’ म्हणजे एकत्र जमणे. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेतलेल्या स्त्रियांच्या सामूहिक घराला त्यावरून नाव पडले, आणि त्या घराच्या आवारात भरणाऱ्या मुलींच्या शाळेलाही तेच चिकटले. या घराचे मूळ रूप महाराष्ट्रात पाहायचे तर पुण्याच्या लष्कर भागात १८६० मध्ये सुरू झालेल्या कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी या शाळेकडे जाता येते.

या शाळेची मुळे फ्रान्समधील लिऑन या रेशमाच्या शहरात आहेत. तेथील एका रेशीम-व्यापाऱ्याची मुलगी क्लोदीन तेव्हने (१७७४–१८३७) हिचे दोन भाऊ फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत जानेवारी १७९४ मध्ये गोळ्या घालून मारले गेले. त्यानंतर तिने शहरातील निराधार मुली जवळ केल्या आणि १८१८ मध्ये एक धर्मसंघ उभा केला. या मुलींना केवळ आसरा देऊन ती थांबली नाही, तर मागावर रेशीम विणायला शिकवून त्यांना स्वतःच्या कमाईवर उभे केले, आणि सधन घरांतील मुलींसाठी पुढे निवासी शाळाही काढली. अनाथांचे कारखानावजा घर आणि श्रीमंतांचे वसतिगृह अशी ही जोडी त्या काळच्या अनेक कॅथलिक कन्याशाळांच्या मुळाशी आढळते. त्यांच्याविषयी लिहिताना घराच्या या पहिल्या अर्ध्या भागाचा विसर पडतो, ही फार मोठी उणीव मानली पाहिजे.

संस्थापिकेच्या मृत्यूनंतर पाचच वर्षांनी, १८४२ मध्ये, या संघाच्या भगिनी आग्र्याला पोहोचल्या. पुढे त्या पुण्याला आल्या. येथील छावणी त्यांच्या कामाला अनुकूल होती, कारण तेथील गोऱ्या पलटणींत आयरिश कॅथलिक सैनिकांचा भरणा मोठा होता. त्यांच्यासाठी सेंट पॅट्रिक चर्च १८५० मध्ये उभे राहिलेच होते. पटकी आणि तापाने छावण्यांत आई-बाप दगावत, आणि मागे राहिलेल्या मुलींचे काय करायचे हा प्रश्न लष्करापुढे आणि चर्चपुढे सारखाच उभा असे.

अशा शाळांत शिवणकामाला मोठे स्थान होते. मुलगी कापडाच्या एका पट्टीवर धावदोरा, हेम, उलटी टीप, काजे आणि रफू असा एकेक नमुना क्रमाने घालीत जाई, आणि ती पट्टी म्हणजे तिच्या हाताच्या तयारीचा दाखलाच असे. लिऑनच्या मागांशी नाते सांगणारी ही शिस्त पियानो आणि फ्रेंच या ‘घरंदाज’ विषयांच्या जोडीने नांदत होती.

लष्कर भागापासून दोन-तीन किलोमीटरवर, बुधवार पेठेतील भिडे वाड्यात, सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८ मध्येच मुलींची शाळा उघडली होती, आणि हुजूरपागा ही मुलींची शाळा १८८४ मध्ये आली. पेठांतील शाळांना मुली मिळवण्यासाठी घराघराशी झगडावे लागले, तर छावणीतील शाळेच्या पाठीशी चर्च आणि सरकारचे युरोपीय शाळांसाठीचे स्वतंत्र अनुदान-नियम उभे होते. एकाच शहरातील मुलींच्या शिक्षणाचे हे दोन इतिहास म्हणूनच एका तागडीत तोलता येत नाहीत.

पुढे पारशी, हिंदू आणि मुसलमान घरांतील मुलीही कॉन्व्हेंटांत येऊ लागल्या, आणि परंपरांना नवे वळण द्यावे लागले. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर पायघोळ झगा आणि शिरोवस्त्र बाजूला ठेवून अनेक भगिनींनी साडी स्वीकारली. संस्थापिकेला १९९३ मध्ये संतपद मिळाले आणि ३ फेब्रुवारी हा तिचा सण ठरला. निरनिराळ्या धर्मांच्या मुली एकाच वर्गात बसत, धर्मशिक्षणाच्या तासाला मात्र वर्ग दुभंगत असे: कॅथलिक मुली कॅटेकिझम, म्हणजे श्रद्धेची प्रश्नोत्तरे, शिकायला एकीकडे जात, इतर मुलींसाठी नीतिपाठांचा ‘मॉरल सायन्स’ हा विषय असे, आणि पुढच्या तासाची घंटा झाली की सगळ्या पुन्हा त्याच बाकांवर येऊन बसत.