विनिफ्रेड वॉटकिन्स आणि मुंबईचा रक्तगट

आपल्या जुन्या घराण्यांत 'रक्ताचे नाते' हा शब्द मोठ्या अभिमानाने उच्चारला जातो. परंतु एकाचे रक्त दुसऱ्यास चालेल की नाही, हे कूळ वा प्रांत पाहून ठरत नाही. तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर कोणती शर्करा आहे, यावर ते मुख्यतः अवलंबून असते. हे सिद्ध करण्यात ज्यांनी आयुष्य वेचले त्या विनिफ्रेड वॉटकिन्स (१९२४–२००३) या इंग्रज विदुषीच्या कार्याशी मुंबईचे नाव कायमचे जोडले गेले आहे.

कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये व्हिएन्ना येथे रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला. मात्र हे गट रासायनिकदृष्ट्या कशामुळे भिन्न ठरतात, याचे उत्तर पुढे कित्येक वर्षे मिळाले नाही. पेशींवरील गटद्रव्य अत्यल्प असते व ते वेगळे काढणे कठीण. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील वॉल्टर मॉर्गन यांनी निराळी वाट धरली. स्त्रियांच्या अंडाशयात होणाऱ्या गाठींच्या द्रवात हीच द्रव्ये विरघळलेल्या स्थितीत विपुल सापडतात. ती ग्लायकोप्रोटीन या वर्गातील असतात, म्हणजे प्रथिनाचा कणा आणि त्याला जोडलेल्या शर्करांच्या साखळ्या. १९४२ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, वॉटकिन्स मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून आल्या. नोकरी सांभाळून त्यांनी पदवी घेतली, पुढे डॉक्टरेटही मिळविली.

अडचण अशी होती की, पृथक्करण केले असता सर्व गटांच्या द्रव्यांत जवळजवळ त्याच शर्करा आढळत. तेव्हा या दोघांनी एक साधी युक्ती योजली. पेशींच्या गुठळ्या करणाऱ्या प्रतिद्रव्यात एखादी शुद्ध शर्करा आधीच मिसळावयाची. ती योग्य असेल, तर प्रतिद्रव्य तिच्यातच गुंतते व गुठळ्या होत नाहीत. अशा प्रयोगांतून उलगडले की, 'एच' या मूळ द्रव्याची ओळख फ्यूकोज या शर्करेमुळे आहे. त्यावर एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसामाइन जोडले गेले की 'ए' गट, आणि गॅलॅक्टोज जोडले गेले की 'बी' गट होतो. 'ओ' गटात 'एच' तसेच राहते.

याच सुमारास, १९५२ मध्ये, मुंबईच्या डॉ. य. म. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांना काही विलक्षण माणसे आढळली. त्यांच्या पेशींत 'ए' नाही, 'बी' नाही आणि 'ओ' गटात हमखास असणारे 'एच'देखील नाही. साहजिकच त्यांना 'ओ' गटाचे रक्तही चालत नसे. 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्या वर्षी आलेल्या लेखावर भेंडे, देशपांडे, भाटिया यांच्यासमवेत मॉर्गन व वॉटकिन्स यांचीही नावे आहेत. हाच तो 'बॉम्बे' रक्तगट.

हा अपवाद पुढे सिद्धांताचा आधार ठरला. जनुक शर्करा स्वतः निर्माण करीत नाही. शर्करा जोडणारे विकर तेवढे निर्माण करते, अशी मांडणी वॉटकिन्स व मॉर्गन यांनी १९५९ मध्ये केली. 'बॉम्बे' गटाच्या व्यक्तीत फ्यूकोज जोडणारे विकरच कार्य करीत नाही. पायाच नसल्यामुळे 'ए' वा 'बी'चे जनुक असूनही त्याला शर्करा जोडण्यास जागा उरत नाही. म्हणूनच वरवर 'ओ' दिसणाऱ्या आईवडिलांच्या पोटी 'ए' किंवा 'बी' गटाचे मूल जन्मू शकते. अशा मातेवर संशय घेणाऱ्यांना रसायनशास्त्राने दिलेले हे उत्तर होय.

वॉटकिन्स १९६९ मध्ये रॉयल सोसायटीच्या सदस्य झाल्या आणि १९८८ मध्ये त्यांना सोसायटीचे रॉयल मेडल मिळाले. त्यांचे गुरू मॉर्गन १०२ वर्षे जगले. गुरुशिष्या दोघेही २००३ मध्येच निवर्तले.

हा गट जगात अतिदुर्मीळ असला, तरी आपल्या भागात त्याचे प्रमाण त्यामानाने अधिक आहे. त्यासाठी आई व वडील या दोघांकडूनही सदोष जनुक यावे लागते, त्यामुळे नात्यातल्या नात्यात विवाह होणाऱ्या कुटुंबांत त्याचा संभव वाढतो. केवळ 'ए' आणि 'बी'ची तपासणी केल्यास अशी व्यक्ती 'ओ' म्हणून नोंदली जाते, आणि संकटाच्या वेळी कोणतेही रक्त जुळत नाही. म्हणून घरात एकाचा हा गट निघाला, तर त्याच्या सख्ख्या भावंडांनीही 'एच'ची तपासणी करून घ्यावी. त्यांतील प्रत्येकात तो असण्याची शक्यता किमान चारांत एक असते, आणि वेळप्रसंगी त्याला रक्त देऊ शकणारे माणूस घरातच सापडू शकते.