पेशीचा लगाम : कमल रणदिवे आणि २००१ साल

१/ कर्करोग म्हणजे विभाजनाची मर्यादा न पाळणारी पेशी. ती मर्यादा कोण घालतो? पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या कमल रणदिवे यांचे आयुष्य या प्रश्नाच्या परिसरात गेले.

२/ मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ साली पेशीविज्ञानात डॉक्टरेट मिळवली. पुढे अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे त्या ऊतिसंवर्धन, म्हणजे शरीराबाहेर पेशी जिवंत वाढवण्याचे तंत्र शिकल्या. याच गाय यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली ‘हेला’ पेशी वाढल्या होत्या.

३/ मायदेशी परतून त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. उंदरांच्या स्तनकर्करोगात संप्रेरके आणि विषाणू यांचा संबंध त्यांनी अभ्यासला. पेशीच्या आतला लगाम मात्र अजून उलगडायचा होता.

४/ तो सापडला भलत्याच जीवांत. लेलंड हार्टवेल आणि पॉल नर्स यांनी यीस्टमध्ये विभाजन चालवणारी जनुके शोधली. टिम हंट यांना १९८२ साली समुद्री अर्चिनच्या अंड्यांत ‘सायक्लिन’ हे प्रथिन आढळले. दर विभाजनात ते साचते आणि नष्ट होते. त्याच्या जोडीने काम करणारे विकर पेशीला पुढच्या टप्प्यात ढकलते. वाटेत तपासनाकी असतात: डीएनएला इजा झालेली असेल, तर पेशी थांबते. ही नाकी ढासळली, की कर्करोगाला वाट मोकळी होते.

५/ एप्रिल २००१ मध्ये रणदिवे यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात या तिघांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. मुंबईतील उंदीर, यीस्ट आणि समुद्री अर्चिन: रोग माणसाचा, पण त्याचा इतिहास या जीवांवाचून लिहिता येत नाही.