बारा इंचांवरून बारा सेंटिमीटरवर

माझ्या सतारीच्या सीडीचं कव्हर मीच करायला बसलो आणि आधी माळ्यावरच्या एलपी खाली काढल्या. त्या चाळताना कव्हरांची गोष्ट आठवली. १९४० पूर्वी अमेरिकेत ७८ आरपीएमच्या तबकड्यांचे बहुतेक संच करड्या-तपकिरी पुठ्ठ्यांत विकले जात; धंद्यात त्यांना थडगी म्हणत. मग कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या अ‍ॅलेक्स स्टाइनवाइसने न्यूयॉर्कच्या इम्पीरियल थिएटरवरच्या दिव्यांच्या पाटीची अक्षरं बदलून घेतली, फोटो काढला आणि तो रॉजर्स-हार्ट या जोडीच्या गाण्यांच्या संचावर चढवला. केवढा खटाटोप! पुढे ब्लू नोट या जॅझ रेकॉर्ड कंपनीसाठी रीड माइल्सने बऱ्याचदा एखादा रंग, कापलेला फोटो आणि दांडगी अक्षरं एवढ्यावरच भागवलं. मला तोच जवळचा. त्याचं कव्हर बारा सेंटिमीटरवर आणलं, तरी नाव वाचता येतं. माझ्या आराखड्यात मात्र सतार, तानपुरा, तबलजी, मावळता सूर्य, सगळं कोंबलेलं. आधी सूर्य काढला.