शाळा सुटली, पुढची वाट कुठे? अपंग विद्यार्थी, हक्कांचा इतिहास आणि आपली चळवळ

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांत अभिनंदनाचे फलक लागतात. त्याच वस्तीतलं एखादं कर्णबधिर किंवा बौद्धिक अपंगत्व असलेलं मूल अठरा वर्षं पूर्ण करून विशेष शाळेतून बाहेर पडतं, तेव्हा कुणाला पत्ताही लागत नाही. ते घरी येऊन बसतं. आई कामाला जाताना बाहेरून कडी लावते. शेजारी म्हणतात, मागच्या जन्माचं भोग आहे.

हे भोग नाहीत. या मुलांसाठी शाळा आणि नोकरी यांचे कायदे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या खात्यांनी केले आणि दोन्हींना जोडणारी वाट कुणी बांधलीच नाही. हा इतिहास आपण समजून घेतला पाहिजे.

महाराष्ट्रात सुरुवात दानधर्मातून झाली. १९०० मध्ये ॲना मिलर्ड या मिशनरी बाईंनी मुंबईत अंधांसाठी शाळा काढली. १९०२ मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा आली. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी जय वकील शाळा १९४४ ची. या शाळांचं मोल मोठंच आहे. पण अंध मुलाने खुर्च्या विणाव्यात, असं त्याचं भविष्य समाजाने आधीच ठरवून टाकलं होतं. बापाचा धंदा मुलाने करावा हे जातीने आपल्याला सांगितलं, अपंगाला त्याच्या शरीरावरून धंदा वाटून दिला. दोन्हीकडे माणसाला विचारलं कुणीच नाही.

बाबासाहेबांची रीत वेगळी होती. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढलं, कारण नुसती शाळा उघडून मूल शिकत नाही, त्याला राहायला जागा आणि खायला भाकरी लागते. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिष्यवृत्त्या मिळवल्या. १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा ठरल्या. वसतिगृह, शिष्यवृत्ती, नोकरी अशी ही सलग साखळी होती. यातली एक कडी जरी तुटली असती तरी आज आपल्यातले किती जण इथवर आले असते?

राज्यघटनेच्या कलम ४१ मध्ये काम, शिक्षण आणि अपंगत्वात सरकारी साहाय्य यांचा एकत्र उल्लेख आहे. ही तिन्ही एकाच वाक्यात आहेत हे लक्षात घ्या. पण ते मार्गदर्शक तत्त्वांत असल्यामुळे त्यासाठी कोर्टात थेट दाद मागता येत नाही. म्हणून पुढचं सगळं तुकड्या-तुकड्यांनी आलं.

१९५९ मध्ये अपंगांसाठीचं देशातलं पहिलं विशेष रोजगार विनिमय केंद्र मुंबईत सुरू झालं. १९७७ मध्ये केंद्राच्या खालच्या श्रेणीतल्या पदांत ३ टक्के आरक्षण आलं. १९९५ च्या कायद्याने ते कायदेशीर हक्क म्हणून दिलं, पण अंध, कर्णबधिर आणि हालचालींचं अपंगत्व असलेल्यांनाच. बौद्धिक अपंगत्व आणि स्वमग्नता असलेल्यांना त्यात जागाच नव्हती. त्यांच्या वाट्याला आरक्षण आलं २०१६ च्या कायद्याने. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, अपंगत्वाचे प्रकार २१ झाले आणि सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा मिळाल्या. पण मोफत शिक्षणाचा हक्क याच कायद्यात अठराव्या वर्षी संपतो. त्या दिवसापासून पुढे मुलाचा हात कुणी धरायचा?

अमेरिकेत १९९० च्या कायद्याने विशेष शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याची शाळेनंतरची योजना, तो सोळा वर्षांचा होईपर्यंत लेखी तयार करणं शाळेवर बंधनकारक केलं. आपल्या कायद्यात असं बंधन नाही. आपल्याकडे जे झालं ते बहुतेक अपंगांनी स्वतः उभं केलं. शेजारच्या कोल्हापुरात चाकाच्या खुर्चीवरून काम करणाऱ्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. वसतिगृह, शिक्षण आणि सिंधुदुर्गात काजूप्रक्रियेचं काम अशी ती पुन्हा साखळीच होती.

आता काही जण विचारतील, हा आंबेडकरी चळवळीचा प्रश्न आहे का? २०११ ची जनगणना पाहा. देशात अनुसूचित जातींमध्ये अपंगांचं प्रमाण २.४५ टक्के आहे, तर अनुसूचित जाती-जमाती सोडून इतरांत २.१८ टक्के. धोक्याची अंगमेहनत, कुपोषण, उशिरा मिळणारे उपचार हे आपल्या वस्त्यांना नवं नाही. म्हणजे हा प्रश्न आपल्याच घरातला आहे. शिवाय ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत नाकारला, कारण त्यामुळे दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी समाज आणि राज्य दोघांनाही झटकता येते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात अपंग मुलाकडे बघून कुणी ‘भोग’ म्हणत असेल, तर धम्म अजून त्या घरात पोचायचा आहे.

शब्दांवरही जाऊ नका. १९३८ मध्ये ‘हरिजन’ शब्दाला विरोध करून बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह विधिमंडळातून बाहेर पडले होते. ‘दिव्यांग’ म्हणून देवत्व दिलं आणि हाताला काम दिलं नाही, तर फरक काय पडला?

मग करायचं काय? सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी अपंगांसाठी राखायचा असतो. त्यातला किती शाळेनंतरच्या प्रशिक्षणावर गेला, हे माहिती अधिकारात विचारा. २०१६ च्या कायद्याचं कलम ३५ खाजगी मालकांना प्रोत्साहन देऊन किमान ५ टक्के अपंग कामगार असावेत असं म्हणतं. कुपवाडच्या एमआयडीसीतल्या कारखानदारांपुढे ते कलम ठेवा. बौद्धिक अपंगत्व असलेलं मूल अठरा वर्षांचं झालं की १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वासाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो, हे पालकांना सांगा. अपंगांचं आरक्षण समांतर आहे, जातीच्या आरक्षणाबरोबरच ते मिळतं, हे उमेदवारांना समजावा. आणि सगळ्यात आधी, नववीपासून प्रत्येक अपंग विद्यार्थ्याची पुढची योजना त्याला स्वतःला विचारून लेखी करावी, ही मागणी शिक्षण खात्याकडे लावून धरा.

या १४ एप्रिलला आपल्या मंडळाच्या सत्काराच्या यादीत विशेष शाळेतल्या मुलांची नावं घाला. आणि सत्कार झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांचे कागद घेऊन महापालिकेत जा.

जय भीम!