वेदना गेली, भीती उरली

भूल देण्याच्या शास्त्राचा इतिहास बहुधा शल्यचिकित्सकांच्या अंगाने सांगितला जातो. पण त्याचा आरंभ दंतवैद्यांच्या हातून झाला. हा निव्वळ योगायोग नव्हे. पाय कापून घेणाऱ्या रुग्णापुढे जीव वाचवण्याचा प्रश्न असे. दाढ दुखणाऱ्याला मात्र एक वाट कायम मोकळी होती : दंतवैद्याकडे न जाण्याची. लवंगेचे तेल लावायचे, गालाला फडके बांधायचे आणि आजचे उद्यावर ढकलायचे. त्यामुळे रुग्णाच्या भीतीची झळ दंतवैद्याच्या धंद्यालाच बसे.

नायट्रस ऑक्साइड हुंगल्यावर आपल्या अक्कलदाढेचे दुखणे कमी झाल्याची नोंद हंफ्री डेव्ही याने १८०० साली केली होती आणि शस्त्रक्रियेत या वायूचा उपयोग होऊ शकेल असेही सुचवले होते. पण पुढची चार दशके हा वायू करमणुकीपुरताच राहिला. १० डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड येथे गार्डनर कोल्टन याने त्याचा जाहीर खेळ केला. वायूच्या अमलाखाली असलेल्या एका तरुणाचा पाय चांगलाच दुखावला, पण त्याला ते जाणवले नाही. प्रेक्षकांत बसलेल्या होरेस वेल्स या दंतवैद्याने हे हेरले आणि दुसऱ्याच दिवशी वायू हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली.

जानेवारी १८४५मध्ये बॉस्टनला वेल्सने हाच प्रयोग डॉक्टरांपुढे व विद्यार्थ्यांपुढे केला. दाढ निघताना रुग्ण ओरडला आणि वेल्सची हुर्यो उडाली. नेहमीइतके दुखले नाही, असे त्या रुग्णाने नंतर सांगितल्याचे वेल्सने लिहून ठेवले आहे. पण तोवर निकाल लागून गेला होता. त्याचा पूर्वीचा भागीदार विल्यम मॉर्टन याची अडचण अगदी व्यावहारिक होती. त्याच्या नव्या कवळ्या बसवण्यासाठी आधी जुन्या दातांची मुळे उपटावी लागत आणि त्याला गिऱ्हाइके तयार होत नसत. त्याने ३० सप्टेंबर १८४६ रोजी ईथर देऊन दात काढला आणि १६ ऑक्टोबरला मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जॉन वॉरन यांच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला ईथर दिले. जगाने लक्षात ठेवला तो हा दिवस. वेल्सने जानेवारी १८४८मध्ये न्यूयॉर्कच्या तुरुंगात जीव दिला. तेव्हा तो अवघा तेहतीस वर्षांचा होता.

पुढची प्रगती झपाट्याने झाली. १८८४मध्ये कोकेनच्या इंजेक्शनने जबड्याची नस बधिर करता येऊ लागली. विसाव्या शतकाच्या आरंभी नोव्होकेन आले. १९४३मध्ये स्वीडनमध्ये नील्स लोफग्रेन यांनी लिडोकेन तयार केले. आपल्याकडचे डॉक्टर त्यालाच लिग्नोकेन म्हणतात. १९५७मध्ये आलेल्या एअरोटरने दात कोरण्याचा वेळ कमी केला. हिशेबाने पाहता एवढ्यावर भीतीही ओसरायला हवी होती.

ती ओसरली नाही. १९६९मध्ये नॉर्मन कोरा या मानसशास्त्रज्ञाने ही भीती मोजण्यासाठी चार प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. उद्या दंतवैद्याकडे जायचे आहे. बाहेर बसून नंबराची वाट पाहता आहात. खुर्चीत बसला आहात आणि डॉक्टर ड्रिल तयार करत आहेत. दात साफ करण्याची हत्यारे काढत आहेत. अशा वेळी तुम्हाला काय वाटते? चारही क्षण उपचार सुरू होण्यापूर्वीचे आहेत. १९९५मध्ये या प्रश्नावलीत पाचवा प्रश्न आला, तो हिरडीत द्यायच्या इंजेक्शनचा. वेदना घालवण्यासाठी आलेली सुईच भीतीच्या यादीत दाखल झाली होती!

औषध वेदनेवर चालते. भीतीचे मूळ असहायतेत असते. आडवे पडलेले शरीर, उघडे तोंड, बोलण्याची सोय नाही आणि पुढे काय होणार याचा पत्ता नाही. अशी भीती मग कारणेही शोधते. वरची दाढ काढली की नजर जाते, हा आपल्याकडे अजूनही ऐकू येणारा समज त्यांपैकीच एक. डोळ्याची दृष्टी दाढेच्या मुळावर अवलंबून नसते. पण न जाण्यासाठी तेवढे निमित्त पुरते.

यावरचा उपाय औषधांच्या दुकानात मिळणारा नव्हता. जोसेफ वोल्पे यांनी १९५८मध्ये भीतीला पायरीपायरीने सामोरे जाण्याची पद्धत मांडली. मन व शरीर शिथिल करायचे आणि सर्वांत सौम्य प्रसंगापासून सुरुवात करायची. दंतोपचारात याचा अर्थ साधा आहे : एक दिवस नुसते खुर्चीत बसून यायचे, पुढच्या वेळी फक्त आरसा तोंडात घालू द्यायचा. १९५९मध्ये लहान मुलांसाठी ‘आधी सांगा, मग दाखवा, मग करा’ ही रीत मांडली गेली. तिच्या जोडीला खुणेचा संकेतही वापरला जातो. रुग्णाने हात वर केला की डॉक्टरने थांबायचे, आणि खरोखरच थांबायचे. एकदा जरी हा शब्द मोडला, तरी पुढच्या खुणेवर कोणी विश्वास ठेवत नाही.

बॉस्टनच्या त्या सभागृहात रुग्णाचे ओरडणे म्हणजे प्रयोगाची नामुष्की ठरली होती. आज रुग्णाचा वर गेलेला हात उपचाराचाच भाग मानला जातो. वेदनेवरचा विजय रसायनशास्त्राने मिळवला. भीतीच्या बाबतीत मात्र डॉक्टरला आपल्या हातातला थोडा ताबा रुग्णाकडे सोपवावा लागला.