तेरेखोलपलीकडचे मुंबईकर

परदेशात नोकरी म्हटले की विमान, आगबोट, पासपोर्ट, व्हिसा असे सारे आपल्या डोळ्यांपुढे येते. पण मुंबईच्या धोबीतलाव-गिरगावपासून दादरपर्यंतच्या वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या कितीतरी माणसे परदेशी प्रजाजन म्हणूनच नोकऱ्या करीत होती. त्यांतली पुष्कळ तर तुमच्याआमच्यासारखी मराठी बोलत. ही माणसे गोव्याची.

तेरेखोलची खाडी ठाऊक आहे ना? अलीकडे सावंतवाडीचा मुलूख, पलीकडे पेडणे. दोन्हीकडे देव तेच, सोयरिकी त्याच. अलीकडचा गडी लालबागच्या गिरणीत लागला तर त्याला कोणी परदेशी म्हणत नसे. पलीकडचा गिरगावात चाकरीला आला की कायद्याच्या पुस्तकात तो पोर्तुगीज ठरे. खरे सांगायचे तर पुस्तकाबाहेर हा फरक कोणी मनावर घेत नसे. डॉ. भाऊ दाजी लाड यांचेच पाहा. त्यांचा जन्म पेडणे महालातल्या मांद्रे गावचा, म्हणजे पोर्तुगीज हद्दीतला. ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीत शिकून १८५१ साली डॉक्टर झाले, आणि पुढे १८६९ व १८७१ साली याच शहराचे शेरीफ झाले!

गोव्यात कारखाने नव्हते, जमीन थोडी, खाणारी तोंडे फार. मुंबईत इंग्रजांच्या आगबोटींना आचारी हवेत, वाढपी हवेत. क्लबांना वाजंत्री हवेत. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत तह झाला, त्यातून पुढे मुरगावपर्यंत रेल्वे आली आणि मग वाट सोपी झाली. कॅसलरॉकला आपली तपासणी, कुळ्याला पोर्तुगीजांची. पेटी उघडून दाखवायची, बंद करायची, की झाले.

मुंबईत उतरल्यावर राहायचे कोठे? तर कुडात. कोंकणीत कूड म्हणजे खोली. धोबीतलावाच्या जेर महालात आणि आसपासच्या गल्ल्यांत ख्रिस्ती गोवेकरांच्या एकेका गावाने आपापली कूड काढली होती. भिंतीशी पेट्यांची ओळ, एका बाजूला देवघर, सायंकाळी सर्वांनी मिळून प्रार्थना, वर्षातून एकदा गावच्या संताचा सण. बोटीवरून उतरलेला खलाशी पुढची बोट मिळेतो तेथे थोड्या पैशांत राही. परळ-लालबागच्या चाळींतली गावकऱ्यांची खोली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. हिंदू गोवेकरांचा ओढा गिरगावाकडे. तेथल्या नाटक-गाण्यात त्यांचा वाटा मोठा. गोवा हिंदू असोसिएशन ही त्यांची संस्था मुंबईत १९१९ सालची.

१९४७ साली इंग्रज गेले, पोर्तुगीज मात्र राहिले. तरीही मुंबईतल्या गोवेकराच्या पोटावर पाय आला नाही. तो आला १९५४-५५ मध्ये. दादरा-नगरहवेली मुक्त झाली, सत्याग्रह सुरू झाले, १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. हद्द बंद झाली, आगगाडी थांबली, जाण्यायेण्याला परवाने लागू लागले, पैसे पाठविण्यावर निर्बंध आले. आता विचार करा: मुलगा मुंबईत, आई साष्टीत किंवा फोंड्यात, आणि मधे दोन सरकारे. नाकेबंदी सालाझारला वाकविण्यासाठी होती, पण तिची झळ आधी मनीऑर्डरीची वाट पाहणाऱ्या घरांना लागली, हे आपण मान्य केले पाहिजे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. मग या लोकांचे काय? २८ मार्च १९६२ चा नागरिकत्वाचा हुकूम अगदी सोपा होता. २० डिसेंबर १९६१ पूर्वी जो स्वतः गोवा, दमण किंवा दीव येथे जन्मला, किंवा ज्याच्या आईबापांपैकी वा आजा-आजींपैकी कोणी तेथे जन्मले, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक. अर्ज नको, फी नको. ज्याला पूर्वीचेच नागरिकत्व ठेवायचे असेल त्याने महिन्याच्या आत तसे लिहून द्यावे.

असे लिहून देणारेही निघाले. गोव्यातल्या एका धर्मगुरूंनी पोर्तुगीज राहणे पसंत केले. त्यांना राहण्याचा तात्पुरता परवाना मिळाला. त्याची मुदत नोव्हेंबर १९६४ मध्ये संपली, त्यांनी तो वाढवून घेतला नाही, आणि परदेशी व्यक्तींच्या कायद्याखाली त्यांच्यावर खटला झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६९ साली तेथेही ते हरले. जन्मगावातच राहावयाचे, पण परवान्यावर!

तुम्ही म्हणाल, ही जुनी गोष्ट झाली. तशी ती नाही. पोर्तुगालने १९७४ च्या अखेरीस भारताचा हक्क मान्य केला, पण १९६१ पूर्वी तेथे जन्मलेल्यांचा आणि त्यांच्या मुलानातवंडांचा पोर्तुगीज नागरिकत्वावरचा दावा त्यांच्या कायद्यात शिल्लक राहिला. म्हणून आजही कित्येक घरांत आजोबांचा जन्मदाखला शोधून लिस्बनला नोंद करण्याची धावपळ चालते. युरोपात नोकरी मिळते, हे त्याचे कारण, आणि त्यात गैर काय? मात्र आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व आपखुशीने घेतले की भारताचे संपते. मतदानाचा हक्क गेला, भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. लिस्बनच्या वहीत नुसते नाव चढले म्हणजे ते नागरिकत्व घेतले असे होते काय, यावर गोव्यात बरेच वाद झाले आहेत. पुढे ओसीआय कार्ड काढता येते. त्यावर येथे राहता येते, कामही करता येते, पण शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आली तर गोष्ट वेगळी.

आणखी एक. या पासपोर्टावर इंग्लंडात जाऊन स्विंडनसारख्या गावी स्थायिक झालेले गोवेकर पुष्कळ आहेत. इंग्लंड युरोपच्या संघातून बाहेर पडले, आणि १ जानेवारी २०२१ पासून नव्याने जाणाऱ्या पोर्तुगीज नागरिकालाही तेथे काम करावयाचे तर व्हिसा लागतो.