शब्दवेध : कलम

कर्जत-खालापूरकडे जमीन घ्यायला आलेला जाणता माणूस आधी सातबारा मागतो आणि 'इतर हक्क' या रकान्यावर बोट ठेवतो. तिथे कधी कधी नोंद असते : 'कलम ४३ च्या बंधनास पात्र'.

हे कलम १९४८ च्या कूळवहिवाट कायद्यातलं. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी 'कसेल त्याची जमीन' या तत्त्वाने कुळं मालक झाली. ती जमीन परवानगीशिवाय विकली जाऊ नये म्हणून ही अट. २०१४ च्या दुरुस्तीने, कुळाच्या खरेदीला दहा वर्षं उलटली असतील तर आकारणीच्या चाळीसपट नजराणा भरून ती काहीशी सैल झाली.

शब्द मात्र फार जुना. ग्रीक 'कालामोस' म्हणजे बोरू. अरबीत त्याचा 'कलम' झाला आणि फारसीच्या वाटेने तो मराठीत आला. बोरूसारखी तिरकी छाटलेली फांदीही कलमच. पेशवे दफ्तरातल्या यादींत एकेक बाब 'कलम' म्हणून मांडत. कायद्याच्या पुस्तकातही तीच रीत दिसते. हिंदी कायदा 'धारा' म्हणतो, मराठी 'कलम'.

जमिनीकडे परत यायचं तर, कर्जत-खालापूरच्या कातकरी-ठाकरांसाठी महत्त्वाचं आहे जमीन महसूल संहितेचं कलम ३६अ. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जाण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी ते सक्तीची करतं. हा आकडा वाडीवाडीवर पाठ असायला हवा.